कार्डाची मागची बाजू

२ मार्च, रविवार

आज दुकानात बसून स्वतःचाच चेहरा बारीक केला. कॉम्प्युटरवर. गिऱ्हाईक नव्हतं. दोन्ही गाल आत सरकवले, हनुवटीखालचं काढून टाकलं, डोळे जरा मोकळे केले. तीन मिनिटांत गेल्या दसऱ्याआधीची रुद्राणी समोर! बघत बसले. मग सेव्ह न करताच बंद केलं.

तहसीलसमोर फोटो-झेरॉक्सचं दुकान टाकून सहा वर्षं झाली. दिवसातून दहा जणी म्हणतात — ताई, चेहरा जरा बारीक करा. करून देते. आपलं काय जातं! पण हल्ली बाया माझ्याकडे बघतात आणि सांगायचं विसरून जातात. माझ्यापुढे सगळ्याच बारीक.

रोज सकाळी भाकरी खाल्ली की चार गोळ्या. स्टिरॉइडच्या. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. उशिरा घ्यायच्या नाहीत — झोप उडते. चुकवायच्या तर नाहीतच. मला ल्युपस आहे. अंगाची राखण करणारी शक्तीच अंगावर उलटते, असं लातूरच्या बिरादार मॅडमनी समजावून सांगितलं होतं. ऑक्टोबरात बोटं मिटत नव्हती, ताप उतरत नव्हता, मूत्रपिंडाला सूज आली होती. आमचे हे, मल्लिनाथ, मला उचलून रिक्षात बसवायचे. ह्याच गोळ्यांनी मी उठून दुकानात आले. हे विसरायचं नाही.

चेहरा मात्र गेला.

५ मार्च, बुधवार

सासूबाई सकाळी सकाळी: "गोळ्या न्हाईत त्या, इख हाय इख." विष तर विष! गोळ्या गिळल्या. बोलणंही गिळलं.

८ मार्च, शनिवार

सासूबाईंचं एकदा लिहूनच टाकते. कुणाला सांगायची सोय नाही.

नीलम्मा. मी आत्याबाई म्हणते. माहेर बिदरकडचं, त्यामुळे राग आला की तोंडातून कानडी येतं. "साकु!" म्हणाल्या की समजायचं — पुरे, विषय संपला. दोन वर्षांपूर्वी त्यांना भिंत धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. गुडघे, मनगटं, सगळं सुजलेलं. मग शेजारच्या पार्वतीबाईंनी कुठून तरी पत्ता आणला. सीमेपलीकडे एका गावात बसलिंगप्पा म्हणून वैद्य आहे. दर अमावास्येला पुड्या देतो. तेव्हापासून दर अमावास्येला ह्या दोघी पहाटेच्या गाडीनं जातात आणि संध्याकाळी पुड्या घेऊन परततात. कानडी पेपरच्या कागदात बांधलेल्या, महिन्याच्या साठ. सकाळी एक, संध्याकाळी एक, मधातून.

वैद्याची पथ्यं तीन. आंबट खायचं नाही. एकही पुडी चुकवायची नाही. आणि डॉक्टरला सांगायचं नाही — सांगितलं की गुण जातो!

आता आत्याबाई गच्चीवर वाळवण घालायला जिना चढतात. मठात चालत जातात. पुड्यांचा स्टीलचा डबा देवघरात, विभूतीच्या शेजारी. "झाडपाला हाय. मुळी हाय. तुझ्यासारखं फॅक्टरीतलं न्हाई." आणि रोजचं पालुपद — "सोड त्या गोळ्या. माझ्यातली एक खाऊन बघ."

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. आज त्या मठात गेल्या तेव्हा मी डबा उघडला. एक पुडी सोडून पाहिली. मातकट रंगाची भुकटी, वास ओव्याचा. चाटावीशी वाटली. गुडघे त्यांचे बरे होतात, गाल माझे फुगतात — हा कुठला न्याय!

परत बांधून ठेवली.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. ऊन अंगावर घ्यायचं नाही, म्हणून मी आत. मल्लिनाथ रंगून आले आणि म्हणाले, "मला तू हायस तशी चालतीस गं."

चालतीस म्हणे! मी काय जुनी मोटरसायकल आहे? भांडले. मग न्हाणीत जाऊन रडले. ते चांगल्या मनानं म्हणाले होते, हे मलाही कळत होतं.

२० मार्च, गुरुवार

लातूर. सकाळच्या गाडीनं गेलो, चाकूरला चहा. रक्त, लघवी, शुगर, बीपी — सगळं मॅडमनी निगुतीनं पाहिलं. डोळे तपासून घ्यायला सांगितले, कॅल्शियमची गोळी चालू ठेवायला सांगितली. ताप आला तर घरी बसून राहायचं नाही, लगेच कळवायचं. आणि चांगली बातमी! चारच्या तीन गोळ्या झाल्या. महिन्याने बघून अजून कमी.

"मॅडम, एकदमच बंद केल्या तर?"

"स्वतःच्या मनानं कधीच नाही. हळूहळूच उतरायचं, जिन्यावरून उतरतो तसं." त्या पुढं काही सांगणार होत्या, पण बाहेर एका आजोबांना चक्कर आली म्हणून उठून गेल्या.

मी काय समजायचं ते समजले. गोळी बंद केली की माझा आजार उलटणार. बरोबर आहे.

निघताना सिस्टरनं एक पिवळं कार्ड दिलं. पुढे माझं नाव, औषधाचं नाव, किती घेते ते. खाली ठळक — रुग्ण स्टिरॉइड घेत आहे, औषध अचानक थांबवू नये. कायम जवळ ठेवा म्हणाली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात बरंच काही. गाडीत वाचावं म्हटलं, पण लाज वाटली. शेजारची बाई डोकावत होती. मोबाईलच्या कव्हरमध्ये उलटं घालून टाकलं. कपाळावर पाटी लावून फिरायची एवढीच राहिली होती!

२४ मार्च, सोमवार

पार्वतीबाईंना निराधारच्या पगाराच्या कागदांसाठी फोटो हवे होते. आत्याबाईंना बँकेसाठी. दोघी जोडीनं दुकानात आल्या.

पार्वतीबाई म्हणजे तोंडाचा पट्टा. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. गावाकडं शेत आहे, ते वाट्यानं दिलेलं. एकुलती लेक सिंधू बिलोलीला दिली. घरात एकट्या, म्हणून अर्धा दिवस आमच्या ओट्यावर. फोटोला बसल्या तरी गप्प नाहीत.

"रुद्राणी, तू बी बस की मधी! सासू-सुना एकाच साच्यातल्या दिसायल्यात. बघ की गं नीलम्मा, सून पार तुझ्यावर गेली!"

दुकानात चार गिऱ्हाइकं. सगळी हसली. आत्याबाईही हसल्या. मी खाली मान घालून फोटो कापत राहिले. मनात आलं, ह्या बाईला एकदा चांगली सुनवायची.

२७ मार्च, गुरुवार

सुनवायची राहिली बाजूला.

आत्याबाईंचे फोटो हव्या त्या मापात करायचे होते. जुनी फाईल उघडली. चार वर्षांपूर्वी मीच काढलेला त्यांचा फोटो सापडला. लांबट चेहरा, गालाची हाडं वर आलेली, मान उंच. शेजारी परवाचा लावला. गोल, लालसर, मान खांद्यात बुडालेली. वय झालं म्हणावं, तर वयानं चेहरा उतरतो. असा भरत नाही!

मग माझा फोटो त्या दोघांच्या शेजारी लावला.

मी आणि आत्याबाई रक्ताच्या नाही. माझं माहेर निलंग्याकडचं, त्यांचं बिदरचं. मग साचा एक कसा?

दुकान बंद करून घरी आले आणि त्यांना भाकरी थापताना नुसतं बघत राहिले. दंडावर काळे-निळे डाग. बांगडी लागली तरी उठतात. कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ. भूक अशी की दुपारी चारला परत जेवतात. गेल्या वर्षी शुगर निघाली. ही सगळी यादी मला पाठ आहे. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितली होती — ह्या गोळ्यांनी काय काय होऊ शकतं, म्हणून दर महिन्याला तपासायचं. आत्याबाईंना कुणी तपासलं?

पुडीत माझीच गोळी आहे. कुटून घातलेली. किती, ते त्या बसलिंगप्पाला ठाऊक.

भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. पाच महिने "इख, इख" ऐकतेय. आता येऊ दे पाडवा, पाहुण्यांसमोरच सांगते!

२९ मार्च, शनिवार

अमावास्या. दोघी पहाटे गेल्या, संध्याकाळी आल्या. आत्याबाईंच्या साठ, पार्वतीबाईंच्या साठ.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उतरवायच्या आधीच घरात आग लागली. लावली मीच.

जेवायला नणंदेचं सासर. पंगतीत आत्याबाईंनी विहीणबाईंना सांगितलं, "सून गोळ्या खाऊन खाऊन बघा कशी झाली. माझं ऐकायलीच न्हाई." मी उठले. पिशवीतून तीनही फोटो काढले आणि त्यांच्या ताटाशेजारी मांडले.

"माझं ऐका आता. हा तुमचा चार वर्षांपूर्वीचा. हा आत्ताचा. आणि ही मी. ज्याला तुम्ही इख म्हणता तेच तुम्ही दोन वर्षं खाताय. फरक एवढाच — माझं मोजून आहे, तुमचं विनामोजमाप. माझ्या औषधाला नाव आहे!"

श्रीखंडाच्या वाट्या तशाच. मल्लिनाथनी फोटो हातात घेतले, आईकडे पाहिलं, परत फोटोंकडे.

"खोटं बोलायली," आत्याबाई म्हणाल्या. पण आवाज बसलेला. स्वतःच्या दंडावरचा डाग त्यांनी पदराखाली घेतला. तो घेतलेला मी पाहिला.

जिंकले. मग पुरणपोळी गोड का लागली नाही?

३१ मार्च, सोमवार

आत्याबाई रात्रभर जाग्या असाव्यात. सकाळी अंघोळ करून पूजेला बसल्या. इष्टलिंग डाव्या तळहातावर, समोर समई. मी फुलं ठेवायला गेले तर म्हणाल्या, "थांब. ऐकूनच जा."

लिंगावर उजवा हात ठेवला. "आजपासून पुडी बंद. जीव गेला तरी तोंडाला लावणार न्हाई."

मी मल्लिनाथांकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले. आमच्यात लिंगावर हात ठेवून बोललेलं म्हणजे दगडावरची रेघ. त्यावर कुणाची हरकत चालत नाही, शपथ घेतलेल्या माणसाची स्वतःचीसुद्धा नाही.

डबा त्यांनी माझ्या हातात दिला. साठातल्या दोन-तीनच गेलेल्या. "ठेव कुठंबी. मला दिसू नगं."

मान आहे बाई ह्या बाईला. मी एवढं बोलले, पण आज उलटून एक शब्द नाही. आज पहिल्यांदा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही.

१ एप्रिल, मंगळवार

आत्याबाईंनी पार्वतीबाईंनाही ओढलं. ओट्यावर बसून सांगताना ऐकलं — "पार्वती, त्यात तसलीच गोळी हाय म्हणं. मी सोडली. तू बी सोड. माझी आन हाय तुला."

"सोडली गं बाई! तुझी आन हाय तर सोडली. नीलम्मा चालंल तिथं पार्वती चालंल."

एका दगडात दोन पक्षी. मी स्वयंपाकघरात हसले.

३ एप्रिल, गुरुवार

पार्वतीबाई लेकीकडे बिलोलीला गेल्या. उन्हाळा तिथंच काढणार. नांदेडला गाडी बदलायची, म्हणून पहाटेच निघाल्या. दारात थांबल्या, गुडघा चोळत. "रुद्राणी, तुझ्या नादानं पुडी सोडली बघ. दोन दिवसांत गुडघे बोंबलायलेत. अंगातलं सत्व गेल्यावानी झालंय."

"होईल सवय, मावशी. वाईट सवय सुटताना त्रास होतोच."

त्यांनी माझ्या गालाला हात लावून बोटं मोडली. "तुझा गाल बी उतरंल. पुन्हा फोटो काढ मग आपला तिघींचा." दुकानातला राग आता आठवूनही येत नाही.

५ एप्रिल, शनिवार

आत्याबाईंना जेवण जात नाही. अंग ठणकतंय म्हणतात. गुडघे पुन्हा टम्म. तेल लावून दिलं. लावताना म्हणाल्या, "मी तुला लई बोलले गं. इख म्हणले." तेल जास्त वेळ चोळत राहिले.

मॅडमना फोन करावा का? गुडघ्यासाठी काय करायचा, महिनाअखेरी जायचंच आहे. तेव्हा घेऊनच जाते त्यांना.

७ एप्रिल, सोमवार

दोन उलट्या. जुलाब. ऊनही मरणाचं आहे. सगळे म्हणतात ऊन लागलं. कैरीचं पन्हं दिलं — दोन वर्षांनी आंबट! — तेही उलटून पडलं. चौकातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या.

पूजेला बसल्या, तर हात इतका कापत होता की लिंग पडेल की काय. मी खालून हात धरला. त्यांच्या तळहाताखाली माझा तळहात. बोटं गारठलेली होती, भर एप्रिलमध्ये.

८ एप्रिल, मंगळवार. लातूर, दवाखाना

पहाटे न्हाणीच्या दारात पडल्या. डोळे उघडे, पण ओळख नाही. "अव्वा, अव्वा" करत होत्या. आईला हाक मारत होत्या. मल्लिनाथ गाडी आणायला धावले. मी बिरादार मॅडमचा नंबर शोधायला मोबाईल घेतला, तो घाईत निसटून पडला. कव्हर निघालं. पिवळं कार्ड फरशीवर. मागची बाजू वर.

तेव्हा वाचलं. एकोणीस दिवसांनी!

औषध अचानक थांबल्यास पुढील लक्षणे दिसू शकतात — अतिशय थकवा, भूक न लागणे, उलट्या, जुलाब, पोटदुखी, चक्कर, रक्तदाब कमी होणे, भान हरपणे. जीवाला धोका असतो. तातडीने रुग्णालयात न्यावे व हे कार्ड दाखवावे.

एक एक शब्द आत्याबाईंचा. कार्ड माझं.

फडताळावरून पुड्यांचा डबा काढला. गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. शिरूर ताजबंद, चाकूर — गावं सरत नव्हती. मॅडमना फोन लागला. म्हणाल्या, पोचल्या पोचल्या तिथल्या डॉक्टरांना हेच सांगा, मी निघालेच.

आत तरुण डॉक्टर होता. "उष्माघात दिसतो, सलाईन लावू." मी डबा आणि कार्ड त्याच्या पुढ्यात ठेवलं. "ह्यांनी ही पुडी दोन वर्षं रोज खाल्ली. ह्यात स्टिरॉइड असणार. आठ दिवसांपूर्वी एकदम बंद केली. मी बंद करायला लावली."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण बोलले.

त्यानं लगेच इंजेक्शन मागवलं. बीपी लागत नव्हतं. सलाईन, इंजेक्शन, शुगर. मॅडम आल्या. दुपारी दोनला आत्याबाईंनी नजर वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कुंकू लाव की गं. उघड्या कपाळानं बसलीस." कपाळाला हात लावला. खरंच विसरले होते.

मॅडमनी बाहेर बोलावून पुड्या ताब्यात घेतल्या. तपासायला पाठवते म्हणाल्या. लिहून घेता घेता विचारलं, "घरात आणखी कुणी खातं का हे?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. "घरात दुसरं कुणी नाही."

१० एप्रिल, गुरुवार. लातूर

मॅडमनी आज आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. हे औषध ज्या जातीचं आहे, ते आपलं शरीर स्वतःच बनवतं, रोज, थोडं थोडं. बाहेरून महिनोन्महिने येत राहिलं की शरीर बनवायचं सोडून देतं. आत्याबाईंच्या कपाळावर आठ्या. मॅडमनी विचारलं, "घरी दही लावता का?"

"लावते की."

"समजा दोन वर्षं रोज दुकानातून दही आणलं. घरी विरजण राहील?"

"कशाला ऱ्हाईल?"

"आणि एक दिवस दुकान अचानक बंद झालं तर?"

आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुकान तू बंद केलंस. मी बी केलं. विरजणाचं कुणालाच म्हाईत न्हवतं."

मला माहीत असायला हवं होतं. विरजणाचा कागद माझ्या मोबाईलला चिकटलेला होता. त्यांनी दोष दिला नाही म्हणून तो माझा नाही, असं होत नाही.

आणि पुढचं अवघड निघालं. आता त्यांना त्याच औषधाच्या गोळ्या, मोजून दोन, रोज सकाळी घ्यायच्या. मग महिन्या-महिन्याला थोडी थोडी कमी. शरीर जागं होईपर्यंत. आत्याबाईंनी हात मागे घेतला. "लिंगावर हात ठेवून सोडलंय मी. नाव दुसरं दिलं म्हणून वस्तू बदलती का? न्हाई घेणार."

मॅडमनी समजावलं. मल्लिनाथ रडकुंडीला आले. "साकु!" — संपला विषय.

मी माझ्या तीन गोळ्या काढल्या, त्यांच्या खाटेवर ठेवल्या. "मग मी पण नाही घेत. तुमच्या दोन तिथं, माझ्या तीन इथं. बघू कोण आधी जातं."

दहा मिनिटं गेली. वॉर्डातली आया येऊन फरशी पुसून गेली. मल्लिनाथ खिडकीशी. मी खरंच घेतल्या नसत्या — निदान तेव्हा तरी तसंच वाटत होतं.

आत्याबाईंनी डावा हात पुढे केला. ज्याच्यावर लिंग ठेवतात तो. "ठेव हितं." मी गोळ्या ठेवल्या. तळहाताकडे बघत राहिल्या, पूजेला बघतात तशा. "शिवाला जाब मी दीन. तू गप तुझ्या गोळ्या खा."

दोघी एकाच ग्लासातून पाणी प्यायलो.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी अकराला घरी. आत्याबाई स्वतः पायऱ्या चढल्या. जेवल्या. भाकरी कच्ची आहे म्हणून माझ्यावर ओरडल्या. कान तृप्त झाले!

दवाखान्यानं त्यांनाही पिवळं कार्ड दिलंय. दुपारी चष्मा लावून ओट्यावर बसल्या आणि वाचायला लागल्या. चौथीपर्यंत शाळा, तीही अर्धी कानडी. एकेका अक्षराखाली बोट ठेवून, मोठ्यानं. मी भांडी घासत ऐकत होते. पुढची बाजू झाली. उलटं केलं. "अ-ति-शय थकवा... उलट्या... भान ह-र-पणे..."

मग आवाज थांबला. मी बाहेर आले. त्या शेजारच्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघत होत्या.

"रुद्राणी. पार्वती."

माझ्या हातातली परात खाली गेली.

पाच दिवस! पाच दिवस मी खाटेशी बसून त्या औषधाचं सगळं ऐकलं, विचारलं, लिहून घेतलं. घरात दुसरं कुणी नाही, असं मीच सांगितलं. तिचा चेहरा माझ्या कॉम्प्युटरमध्ये, आम्हा दोघींच्या फोटोशेजारी. आणि मला आठवली नाही. एकदाही नाही.

फोन लावला. वाजून वाजून बंद. परत. परत. सिंधूचा नंबर कुणाकडेच नाही. मल्लिनाथनी जेवणावरूनच उठून गाडी काढली. मी माझं पिवळं कार्ड त्यांच्या खिशात घातलं. "तिथल्या डॉक्टरला आधी हे दाखवा. मागची बाजू."

आत्याबाई ओट्यावरून उठत नाहीत. "आन मी घातली," एवढंच म्हणतात.

सात वाजले. फोन अजून वाजतोय, कुणी उचलत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

पार्वतीबाई गेल्या. काल दुपारी, बिलोलीत. आम्ही फोन लावत होतो तेव्हा घरात रडारड होती. ताप आला, उलट्या झाल्या, ऊन लागलं म्हणून सलाईन दिलं. कुणाला काय सांगणार — सिंधूला पुडीचं एवढंच माहीत की आईनं ती सोडली होती.

मल्लिनाथांनी तिला फोन दिला. "वहिनी, नीलम्मा मावशीला सांगा. आई शेवटपर्यंत म्हणत होती, एक बी पुडी खाल्ली न्हाई, आन मोडली न्हाई." मग म्हणाली, आईचा एवढ्यातला फोटो तुमच्याच दुकानात आहे ना. मोठा करून पाठवा. चेहरा जरा बारीक करा, आई अशी नव्हती.

फोटो उघडला. बारीक केला नाही.

आत्याबाई आत पूजेला बसल्यात. अजून सांगितलेलं नाही. आधी त्यांची भाकरी होऊ दे, गोळी घेऊ दे. मग सांगते.